घरी बनवलेल्या व्हीएफओचा फेज नॉइज: दिसणारा आकडा नेमका कोणाचा?

नमस्कार. आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजुतीत काही चूक असल्यास लगेच लक्षात येईल. आपण एसआय ५३५१ या चिपवर ४० मीटरच्या (सुमारे ७ मेगाहर्ट्झच्या) हौशी रेडिओ बँडसाठी व्हीएफओ, म्हणजे वारंवारता बदलता येणारा ऑसिलेटर, बनवला आहे. हातात मावणाऱ्या स्वस्त स्पेक्ट्रम ॲनालायझरवर रिझोल्यूशन बँडविड्थ (एका वेळी मोजल्या जाणाऱ्या पट्ट्याची रुंदी) ३ किलोहर्ट्झ ठेवून पाहिल्यावर कॅरिअरपासून, म्हणजे मूळ सिग्नलपासून, १० किलोहर्ट्झ अंतरावर फेज नॉइज, म्हणजे फेजमधल्या थरथरीमुळे सिग्नलच्या दोन्ही बाजूंना पसरणारा गोंगाट, ६२ डेसिबेल खाली दिसतो. मित्राचा सिग्नल जनरेटर आणि एक साधा क्रिस्टल ऑसिलेटर लावून पाहिला, तरी चित्र जवळपास तेच येते. यावरून व्हीएफओ वाईट समजायचा का, आणि महागडे उपकरण न घेता हे काम घरी नीट करता येईल का, असे आपण विचारले आहे.

या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्याच निरीक्षणात आहे. तीन वेगवेगळ्या जातीच्या ऑसिलेटरांचे चित्र एकसारखे येत असेल, तर ते चित्र त्या तिघांपैकी कोणाचेही नाही, ते ॲनालायझरचे स्वतःचे आहे. ॲनालायझरच्या आत एक लोकल ऑसिलेटर असतो, येणारा सिग्नल त्याच्याशी मिक्स होतो आणि त्या ऑसिलेटरचा फेज नॉइज आपल्या सिग्नलच्या दोन्ही बाजूंना जसाच्या तसा चिकटतो. पडद्यावर दिसते ती या दोघांच्या गोंगाटाची बेरीज, आणि त्यात जो जास्त गोंगाटी असेल त्याचेच राज्य असते. ॲनालायझरवर केलेले फेज नॉइजचे मापन ही दोन ऑसिलेटरांची तुलना असते. त्यामुळे व्हीएफओला हात लावण्यापूर्वी आपल्या मांडणीचा तळ, म्हणजे तिला दिसू शकणारा कमीत कमी गोंगाट, किती आहे हे शोधणे हेच खरे पहिले काम आहे.

तरीही आपला आकडा टाकाऊ नाही. ३ किलोहर्ट्झमधला गोंगाट १ हर्ट्झवर आणण्यासाठी ३००० च्या लॉगची दहापट, म्हणजे ३४.८ डेसिबेल वजा करावे लागतात. त्यामुळे उणे ६२ चे उणे ९७ डीबीसी प्रति हर्ट्झ (१ हर्ट्झमधला गोंगाट कॅरिअरच्या तुलनेत किती डेसिबेल) होतात. त्यात एक बारकावा आहे. ॲनालायझर डेसिबेलमध्ये सरासरी काढत असेल, तर गोंगाट खऱ्यापेक्षा सुमारे २.५ डेसिबेल कमी दिसतो. ही दुरुस्ती अनेक जण विसरतात आणि मग दोघांचे आकडे जुळत नाहीत. ती धरली तर उणे ९४ ते उणे ९५ येतात. आपल्याला इतकेच म्हणता येते की, आपला व्हीएफओ १० किलोहर्ट्झवर याहून वाईट नाही. तो किती चांगला आहे, हे या मांडणीला दिसतच नाही.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग. व्हीएफओ किती शांत हवा, याला एकच उत्तर नाही. आपल्या रिसीव्हरला बँडवर सर्वांत जोरदार सिग्नल किती येतो आणि आपल्या ठिकाणी मुळात गोंगाट किती आहे, यावर ते ठरते. समजा, जवळच्या एखाद्या हॅमचा (हौशी रेडिओ चालकाचा) सिग्नल १० किलोहर्ट्झ अंतरावर उणे २० डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबेल) इतका येतो, म्हणजे रिसीव्हरच्या एस-मीटरवरील एस-९ च्या वर ५३ डेसिबेल. आपला लोकल ऑसिलेटर उणे १२० डीबीसी प्रति हर्ट्झ असेल, तर २.४ किलोहर्ट्झच्या एसएसबी (बोलण्यासाठीच्या) फिल्टरमध्ये त्याचा गोंगाट उणे १०६ डीबीएम होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी. ३७२ या शिफारशीतील सूत्राने शहरी निवासी वस्तीतला मानवनिर्मित गोंगाट ७ मेगाहर्ट्झवर, त्याच फिल्टरमध्ये, सुमारे उणे ९१ डीबीएम येतो, म्हणजे जवळजवळ एस-६. अशा ठिकाणी उणे १२० चा ऑसिलेटर पुरून उरतो. तोच रिसीव्हर आपण सह्याद्रीतल्या एखाद्या शांत पठारावर नेला, तर त्याच सूत्राने गोंगाट उणे १११ पर्यंत खाली जातो, आणि मग तोच ऑसिलेटर कमी पडतो. उलट, आपला व्हीएफओ खरोखरच उणे ९७ चा असता, तर वरच्या उदाहरणात गोंगाट उणे ८३ डीबीएम झाला असता आणि शहरातसुद्धा कमजोर स्टेशने त्याखाली बुडाली असती. म्हणूनच उणे ९७ हा आकडा व्हीएफओचा की ॲनालायझरचा, हे कळणे आपल्यासाठी महत्त्वाचे आहे.

घरी मोजण्याच्या तीन-चार पद्धती आहेत. आपल्या गरजेला, म्हणजे २ ते ५० किलोहर्ट्झ अंतरासाठी, मी स्वतः क्रिस्टल फिल्टरची पद्धत वापरतो. तिच्यामागचा विचार असा की, रिसीव्हरला किंवा ॲनालायझरला त्रास गोंगाटाचा होत नाही, कॅरिअरचा होतो. कॅरिअर इतका मोठा असतो की, त्याच्यामुळे रिसीव्हरच्या स्वतःच्या लोकल ऑसिलेटरचा गोंगाट वर येतो. मग रिसीव्हरपर्यंत पोहोचण्याआधीच कॅरिअर गाळून टाकला आणि फक्त १० किलोहर्ट्झ बाजूचा गोंगाट आत सोडला, तर रिसीव्हर फार शांत असण्याची गरजच उरत नाही.

यासाठी चार क्रिस्टलांचा साधा लॅडर फिल्टर (मालिकेत क्रिस्टल आणि त्यांच्यामध्ये ग्राउंडकडे कपॅसिटर) पुरतो. मायक्रोकंट्रोलरसाठी मिळणारे ८ मेगाहर्ट्झचे क्रिस्टल पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात. दहा घ्या, एका ऑसिलेटरमध्ये एकेक लावून वारंवारता लिहून ठेवा आणि एकमेकांपासून शंभर हर्ट्झच्या आत असलेले चार निवडा. मधले कपॅसिटर १०० पिकोफॅराडचे ठेवले तेव्हा माझ्या फिल्टरची रुंदी दीड किलोहर्ट्झच्या आसपास आली. ती रिसीव्हरच्या ५०० हर्ट्झच्या सीडब्ल्यू (मोर्स) फिल्टरपेक्षा जास्त असणे सोयीचे असते, कारण मग हिशेबात धरायची बँडविड्थ रिसीव्हरचीच राहते. आपला व्हीएफओ ७ ऐवजी ८ मेगाहर्ट्झवर मोजला, तर ७.१ मेगाहर्ट्झवरच्या गोंगाटाच्या तुलनेत साधारण १ डेसिबेलचा फरक पडतो. तो वजा करता येतो किंवा सोडूनही देता येतो.

जोडणीचा क्रम असा ठेवा: व्हीएफओ, मग हार्मोनिक काढणारा लो-पास फिल्टर, मग ६ डेसिबेलचा कायमचा पॅड (सिग्नल ठरावीक प्रमाणात घटवणारे रेझिस्टर), मग स्टेप ॲटेन्युएटर (घट टप्प्याटप्प्याने बदलता येणारा), मग क्रिस्टल फिल्टर आणि शेवटी रिसीव्हर. पॅड गाळू नका. क्रिस्टल फिल्टर त्याच्या पट्ट्याबाहेर ५० ओहम दिसत नाही, त्यामुळे पॅडशिवाय व्हीएफओवरचा भार बदलतो आणि त्याबरोबर त्याचे वागणेही. रिसीव्हरचा एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सारखी ठेवणारा भाग) बंद करा आणि ऑडिओ साऊंड कार्डला द्या. साध्या मल्टिमीटरच्या एसी रेंजवर गोंगाट मोजत असाल, तर तो मीटर सरासरीवर चालणारा असल्यास सुमारे १ डेसिबेल कमी दाखवतो, हेही ध्यानात ठेवा.

आता स्टेप ॲटेन्युएटर शून्यावर ठेवून व्हीएफओ फिल्टरच्या मध्यापासून १० किलोहर्ट्झ वर लावा. वरची बाजू मुद्दाम सांगतो, कारण या प्रकारच्या लॅडर फिल्टरची वरची कड जास्त तीव्र असते आणि कॅरिअर तिकडे चांगला दबतो. रिसीव्हर फिल्टरच्या मध्यावर आहे, म्हणून जो सरसर आवाज येतो आहे तो व्हीएफओचा १० किलोहर्ट्झवरचा गोंगाट आहे. त्याची पातळी नोंदवा. मग ॲटेन्युएटर पूर्ण चढवूनच व्हीएफओ फिल्टरच्या मध्यावर आणा. उलट क्रमाने केले तर पूर्ण कॅरिअर क्रिस्टलांतून जाईल, त्यांच्या सहनशक्तीची मर्यादा ओलांडली जाऊ शकते आणि रिसीव्हरच्या तोंडावरही मोठा सिग्नल येईल. आता ऑडिओची पातळी मघाशी नोंदवलेल्या गोंगाटाइतकी होईपर्यंत ॲटेन्युएटर हळूहळू उतरवा. समजा, तेव्हा ॲटेन्युएटर १०५ डेसिबेलवर आहे. याचा अर्थ ५०० हर्ट्झमधला गोंगाट कॅरिअरपेक्षा १०५ डेसिबेल खाली आहे. त्यातून ५०० च्या लॉगची दहापट, म्हणजे २७ डेसिबेल आणखी वजा केले की, उणे १३२ डीबीसी प्रति हर्ट्झ. या सगळ्यात रिसीव्हरच्या एस-मीटरवर कुठेही विश्वास ठेवावा लागला नाही, कारण आपण दोन्ही वेळा तीच पातळी वापरली. मला ही पद्धत आवडते ती मुख्यतः यासाठी.

या मांडणीचा तळ कागदावर काढता येतो. व्हीएफओ ७ डीबीएम देत असेल, पॅडने ६ आणि फिल्टरने २ डेसिबेल खाल्ले, तर रिसीव्हरला उणे १ डीबीएमच्या हिशेबाने सिग्नल मिळतो. रिसीव्हरचा नॉइज फिगर (तो स्वतः किती गोंगाट मिसळतो त्याचे माप) १५ डेसिबेल धरला, तर ५०० हर्ट्झमध्ये त्याचा स्वतःचा गोंगाट उणे १३२ डीबीएम. हा कॅरिअरपेक्षा १३१ डेसिबेल खाली, आणि त्यातून २७ वजा करून १ हर्ट्झवर आणला, म्हणजे तळ उणे १५८ डीबीसी प्रति हर्ट्झच्या जवळ. आपल्या ॲनालायझरपेक्षा हा साठ डेसिबेलने खाली आहे, आणि खर्च झाला तो फक्त चार क्रिस्टलांचा.

कागदावरचा तळ प्रत्यक्षात हाती लागत नाही, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा गळती असते. शंभर डेसिबेलच्या वर ॲटेन्युएशन लावले की, व्हीएफओचा सिग्नल केबलमधून जाण्याऐवजी हवेतून, यूएसबीच्या वायरीतून किंवा सामाईक अर्थिंगमधून रिसीव्हरमध्ये शिरतो. तपासण्याची रीत सोपी आहे. फिल्टरच्या तोंडाशी केबल काढून तिथे ५० ओहमचा रेझिस्टर लावा, व्हीएफओ तसाच चालू ठेवा आणि फिल्टरच्या मध्यावर ऐका. कॅरिअर ऐकू येत असेल, तर आधी ती गळती बंद करा. मी व्हीएफओ बॅटरीसकट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो, झाकणाच्या कडेचा रंग सॅंडपेपरने खरवडून धातू धातूला टेकेल असे पाहतो आणि बाहेर येणारी एकच कोॲक्स केबल डब्याला सभोवार झाळून घेतो. ॲटेन्युएटरही एकाच डब्यात १०० डेसिबेलचा करू नका. दोन वेगळ्या डब्यांत विभागला तर त्याच्यावर लिहिलेला आकडा खरा राहतो.

दुसरी तपासणी त्याहून उपयोगी आहे. गोंगाट मोजत असताना ॲटेन्युएटरवर ६ डेसिबेल चढवा. ऑडिओतला गोंगाटही ६ डेसिबेलने उतरला, तर आपण खरोखर व्हीएफओ मोजत आहोत. तो जागचा हलला नाही, तर आपण रिसीव्हरचा तळ ऐकत आहोत. मधलीच काही घट झाली, तर दोन्ही मिसळलेले आहेत आणि रिसीव्हरचा वाटा पॉवरमध्ये वजा करावा लागेल. फक्त डेसिबेलची वजाबाकी इथे चालत नाही. ही एक तपासणी केल्याशिवाय मी कोणताही आकडा वहीत लिहीत नाही.

तिसरी तपासणी आपल्याकडच्या क्रिस्टल ऑसिलेटरने करा. बफरसह नीट बांधलेला ऑसिलेटर १० किलोहर्ट्झवर उणे १५० किंवा त्याहून खाली असतो. मात्र तो फिल्टरच्या वारंवारतेपासून १० किलोहर्ट्झच्या आसपास हवा. फिल्टरसाठी घेतलेल्यांपैकी एक क्रिस्टल मालिकेत लहान कपॅसिटर लावून वर ओढला तर काही किलोहर्ट्झ मिळतात, आणि तळ पाहण्यासाठी तेवढे अंतर पुरते. त्याचा आकडा व्हीएफओपेक्षा स्पष्टपणे खाली आला की, मांडणी दोघांत फरक करू शकते हे सिद्ध झाले. आपल्या ॲनालायझरला जे जमले नव्हते ते हेच.

एकाच अंतरावर थांबू नका. २, ५, १०, २० आणि ५० किलोहर्ट्झवर मोजून कागदावर आलेख काढा, कारण एका आकड्यापेक्षा आलेखाचा आकार जास्त सांगतो. लीसन यांनी १९६६ साली मांडलेल्या प्रारूपानुसार मोकळ्या चालणाऱ्या ऑसिलेटरचा गोंगाट अंतर दसपट झाले की २० डेसिबेलने, आणि अगदी जवळ ३० डेसिबेलने उतरतो. एसआय ५३५१ सारख्या पीएलएल चिपमध्ये, म्हणजे ऑसिलेटरला लूपने संदर्भाशी बांधून ठेवणाऱ्या चिपमध्ये, तसे होत नाही. लूपच्या बँडविड्थच्या आत आलेख बराच सपाट राहतो आणि त्यानंतर उतरू लागतो. सपाट भाग दिसला की, तो चिपचा आहे की मांडणीचा तळ आहे, हे पुन्हा त्या ६ डेसिबेलच्या तपासणीने ठरवा. याच बैठकीत एक प्रयोग जरूर करा: आउटपुटचा भाजक सम पूर्णांक ठेवून मोजा आणि नंतर अपूर्णांकी ठेवून मोजा. पहिल्या प्रकारात स्पर (नको असलेले सुटे सिग्नल) कमी होतात, आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये नेमके काय चालले आहे, हे त्यातून कळते.

या पद्धतीची एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. ती फेज नॉइज आणि ॲम्प्लिट्यूड नॉइज वेगळे करत नाही, दोन्हींची बेरीज देते. डिजिटल चिपच्या चौकोनी आउटपुटमध्ये ॲम्प्लिट्यूडचा वाटा सहसा लहान असतो, पण पुरवठ्याचा रेग्युलेटर गोंगाटी असेल तर तसे गृहीत धरता येत नाही. म्हणून पुरवठा बॅटरीवरून घेऊन एकदा तुलना करावी.

कॅरिअरच्या अगदी जवळचे, म्हणजे १० हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झचे, मोजायचे असेल तर क्रिस्टल फिल्टर उपयोगाचा नाही. तिथे दोन ऑसिलेटर एकाच वारंवारतेवर, एकमेकांपासून ९० अंशांवर लॉक करून डबल बॅलन्स्ड मिक्सरमध्ये घालतात. ९० अंशांवर कॅरिअर रद्द होतो आणि मिक्सरच्या आउटपुटला फक्त फेजमधली थरथर व्होल्टेजच्या रूपात मिळते. ती एनई ५५३४ सारख्या कमी गोंगाटाच्या ॲम्प्लिफायरने वाढवून साऊंड कार्डला द्यायची. व्हीएफओची वारंवारता व्हरिकॅपने (व्होल्टेजने बदलणाऱ्या कपॅसिटरने) ओढता येत नाही, म्हणून लॉक करायचा तो संदर्भाचा क्रिस्टल ऑसिलेटर. कॅलिब्रेशनसाठी लॉक सोडून दोघांत १ किलोहर्ट्झचा फरक ठेवा आणि त्या फरकाच्या सिग्नलची, म्हणजे बीटची, पातळी मोजा. बीट साइन लहरीसारखी स्वच्छ हवी, त्यासाठी मिक्सरचा आरएफ सिग्नल थोडा कमी ठेवावा. त्या बीटच्या तुलनेत १ हर्ट्झमधला गोंगाट जितका खाली असेल, त्यातून आणखी ६ डेसिबेल वजा केले की उत्तर मिळते. त्यातले ३ बीटच्या आरएमएस आणि शिखर व्होल्टेजमधल्या फरकाचे आणि ३ एकाच साइडबँडचा गोंगाट धरल्याचे असतात. लॉकच्या लूपची बँडविड्थ मोजायच्या सर्वांत जवळच्या अंतरापेक्षा बरीच कमी ठेवा, नाहीतर लूप तिथला गोंगाट स्वतःच दाबून टाकतो आणि ऑसिलेटर आहे त्यापेक्षा सुंदर दिसतो. दोन्ही ऑसिलेटर एकाच चिपच्या दोन आउटपुटवरून घेण्याचा मोह अनेकांना होतो. तसे केल्यास दोघांचा सामाईक गोंगाट मिक्सरमध्ये रद्द होतो आणि मोजले जाते ते भलतेच.

या मांडणीवर खोलीतली प्रत्येक गोष्ट उमटते. एका मे महिन्यात माझ्या आलेखावर १६ ते १७ हर्ट्झवर एक ठाम रेघ येत होती. पुरवठा बदलला, केबल बदलल्या, मिक्सर बदलला, तरी ती हलेना. शेवटी पंख्याचा रेग्युलेटर एक घर कमी केला आणि रेघ खाली सरकली. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३३० फेरे घेत असेल तर पाती सेकंदाला १६.५ वेळा डोक्यावरून जातात. ती हवा आणि छताची थरथर टेबलामार्फत क्रिस्टलपर्यंत पोहोचत होती. आता मी ऑसिलेटर जाड स्पंजवर ठेवतो आणि मोजताना पंखा बंद करतो. ५० आणि १०० हर्ट्झच्या रेघा मात्र स्पंजने जात नाहीत. त्यांच्यासाठी सगळी मांडणी १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवर आणि लॅपटॉप चार्जर काढून चालवावा लागतो. माझ्या वहीतला सर्वांत स्वच्छ आलेख संध्याकाळी वीज गेलेली असताना काढलेला आहे. आसपासच्या घरांतले सगळे एलईडी दिवे आणि चार्जर तेव्हा बंद होते.

दोन स्वतंत्र मिक्सर आणि साऊंड कार्डचे दोन चॅनेल घेऊन क्रॉस-कोरिलेशन करण्याची, म्हणजे दोन्ही चॅनेलांत सामाईक असेल तेवढेच उरवण्याची, पद्धतही घरी शक्य आहे. तिच्यात मांडणीचा तळ १०० सरासऱ्यांना १० आणि १०,००० सरासऱ्यांना २० डेसिबेलने खाली जातो. पण आपल्या व्हीएफओसाठी तिची गरज पडेल असे मला वाटत नाही. उपग्रहावरील क्यूओ-१०० या हौशी रेडिओच्या ट्रान्सपाँडरसाठी एलएनबीचा (डिशवर बसणाऱ्या रिसीव्हरच्या भागाचा) २५ मेगाहर्ट्झचा संदर्भ बनवायचा असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे वारंवारता ३९० पट होऊन ९७५० मेगाहर्ट्झ होते आणि गोंगाट त्याबरोबर जवळजवळ ५२ डेसिबेलने वाढतो.

तेव्हा सध्या क्रिस्टल फिल्टर बांधा, गळतीची आणि ६ डेसिबेलची तपासणी करा, क्रिस्टल ऑसिलेटर मोजा आणि त्यानंतरच व्हीएफओ लावा. आकडे कळवाल तेव्हा प्रत्येकासोबत कॅरिअरची वारंवारता, अंतर, व्हीएफओची पातळी, रिसीव्हरची बँडविड्थ आणि त्या दिवशीचा मांडणीचा तळ एवढे लिहा. फिल्टरची वरची कड अपेक्षेइतकी तीव्र आली नाही, तर क्रिस्टलांच्या मोजलेल्या वारंवारताही लिहून पाठवा, कारण मग बहुधा चारांपैकी एक क्रिस्टल बदलावा लागेल.